विश्लेषण : ऑर्डर लवकर निघण्यासाठी गोदाम कामगाराने धावायलाच हवं का?

तुम्ही मोबाइलवरून ऑर्डर देता, तेव्हा गोदामातल्या कामगाराच्या स्कॅनरवर यादी येते. तो रॅकमधून वस्तू काढून ट्रॉलीत ठेवतो. हेच ‘पिकिंग’. सणासुदीला भिवंडीच्या गोदामांत या कामाचा ताण वाढतो आणि कामगारांचं टार्गेटही. पण वेग वाढवण्याचा तोच एक मार्ग आहे का?

वेळ कुठे जातो?

साध्या पद्धतीच्या गोदामात पिकिंगचा साधारण निम्मा वेळ फक्त चालण्यात जातो, असं या क्षेत्रात मानलं जातं. म्हणजे हात नव्हे, अंतर कमी पडायला हवं.

अंतर कमी कसं करतात?

पहिला उपाय मांडणीचा. सर्वाधिक खपाचा माल पॅकिंग टेबलाजवळ, कंबर ते छातीच्या उंचीवर ठेवायचा. क्वचित लागणारा मागे. दिवाळीआधी पणत्या-उटणं पुढे, छत्र्या मागे. मात्र सगळा खपाचा माल एकाच गल्लीत ठेवला, तर तिथेच ट्रॉल्यांची कोंडी होते.

दुसरा उपाय ‘बॅच पिकिंग’. समजा, एका ऑर्डरसाठी २०० मीटर चालावं लागतं. १० ऑर्डरी वेगवेगळ्या भरल्या, तर २ किलोमीटर होतात. त्याच एका फेरीत ५०० मीटरमध्ये झाल्या, तर चाल पाऊणपट वाचते. नंतर वस्तू ऑर्डरनुसार वेगळ्या कराव्या लागतात. तिथे बारकोड स्कॅन चुकवून चालत नाही.

मोठ्या गोदामात ‘झोन पिकिंग’ही करतात : प्रत्येकाला ठरावीक गल्ल्या.

रोबोट हवेतच का?

ॲमेझॉनने २०१२मध्ये ७७.५ कोटी डॉलरना ‘किवा सिस्टिम्स’ घेतली. तिचे रोबोट रॅकच कामगारापर्यंत आणतात. पण हा खर्च मोठा. लहान गोदामाने आधी रॅकची मांडणी बदललेली बरी.

टार्गेटचं काय?

२०२४मध्ये हरियाणातील मानेसरच्या एका गोदामात, माल उतरवून होईपर्यंत पाणी-शौचालयासाठी थांबणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याच्या बातम्या आल्या. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२पासून लागू असलेल्या कायद्यानुसार मोठ्या गोदामांना टार्गेट लेखी सांगावं लागतं. जेवण, विश्रांती वा शौचालयाच्या आड येणारं टार्गेट लादता येत नाही.

म्हणून टार्गेट वाढवण्याआधी मॅनेजरने दोन आकडे पाहावेत : एका ऑर्डरमागे किती मीटर चाल पडली आणि शंभरातल्या किती ऑर्डरी चुकीच्या भरल्या गेल्या. धावपळीत चुकीची वस्तू गेली, तर ती परत येते आणि तेच काम पुन्हा करावं लागतं.