गरम भांड्याचं पॅड : कापड सुतीच हवं

ताईंनो, एसटीच्या अर्ध्या तिकिटात स्वारगेटला उतरलं, की लक्ष्मी रोडची कापड दुकानं जवळच. भांडी धरायच्या पॅडसाठी तिथे स्वस्त, चकचकीत तुकड्यांना भुलू नका. पॉलिस्टर तापल्या कढईला लागलं की वितळून हाताला चिकटतं. आधी थोडंच कापड घ्या आणि धागा चिमट्यात धरून जाळून बघा. सुताची मऊ राख होते, पॉलिस्टरची कडक गाठ.

वीतभर चौकोन कापा. बाहेरून जाड सुती कापड, आत गोधडीसारखे जुन्या सुती लुगड्याचे चार-पाच थर. उभे-आडवे धावदोरे घाला, म्हणजे थर सरकत नाहीत. कडेला पट्टी, टांगायला नाडी. दोराही सुतीच.

ओलं पॅड वापरू नका, चटका लगेच बसतो. विकण्याआधी गरम पातेलं स्वतः धरून दहा अंक मोजा. हात भाजू लागला, तर आणखी एक थर वाढवा.