बेटावरची मास्तरकी : सेवा कोणाची, खर्च कोणाचा?

नाशिक : पदवी हाती आलेली, नोकरीचे अजून ठरलेले नाही, इंग्रजी बऱ्यापैकी येते आणि जग पाहण्याची इच्छा मनात आहे. अशा अवस्थेतील तरुण-तरुणींना एका प्रकारच्या जाहिरातीची हमखास भुरळ पडते. निळाशार समुद्र, माडांची रांग, मुलांच्या घोळक्यात फळ्यासमोर उभी असलेली हसरी परदेशी तरुणी आणि 'सहा आठवडे बेटावर इंग्रजी शिकवा' हे आवाहन. तळाशी बारीक अक्षरांत एक आकडाही असतो. ते मानधन असावे, असा पुष्कळांचा समज होतो. प्रत्यक्षात ती रक्कम शिकवायला जाणाऱ्यानेच भरायची असते.

येथूनच या विषयाचा गुंता सुरू होतो. सेवा करायची, वर त्यासाठी पैसेही मोजायचे, हे गणित कॉलेज रोडवरच्या घरांतील पालकांच्या पचनी पडत नाही आणि त्यात त्यांची चूक नाही. ते गणित समजून घ्यायचे तर परदेशी स्वयंसेवेची ही पद्धत कोठून आली, हे पाहावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती एकामागून एक स्वतंत्र होऊ लागल्या, तेव्हा तेथील शाळांना शिक्षक हवे होते. १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये 'व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज' ही संस्था सुरू झाली. शाळा संपवून विद्यापीठात जाण्यापूर्वीचे एक वर्ष मोकळे असलेली मुले तिने परदेशी पाठविली. बोर्निओ बेटावरचे सारावाक हे त्यांच्या पहिल्या ठिकाणांपैकी एक होते. १९६१ मध्ये अमेरिकेत अध्यक्ष केनेडी यांनी 'पीस कोअर' स्थापन केली. टोंगा, सामोआ, वानुआतू अशा प्रशांत महासागरातील बेटांवर तिचे स्वयंसेवक पुढे अनेक वर्षे इंग्रजी शिकवीत आले आहेत. त्यांचा प्रवास, प्रशिक्षण आणि निर्वाहभत्ता अमेरिकी सरकार देते. मुदत दोन वर्षांची असते आणि वर्गात उभे करण्यापूर्वी काही आठवडे स्थानिक भाषा शिकविली जाते. मात्र पीस कोअरसाठी अमेरिकेचे नागरिकत्व अनिवार्य आहे. जपाननेही १९६५ मध्ये अशीच योजना सुरू केली, ती जपानी नागरिकांसाठी. म्हणजे ज्या योजनांत स्वयंसेवकाच्या खिशाला हात लागत नाही, त्यांतील बहुतेकांचे दार भारतीय पारपत्राला बंद आहे.

गंमत अशी, की या व्यवहारात महाराष्ट्र दीर्घकाळ घेणाऱ्याच्या बाजूला होता. पीस कोअरचे स्वयंसेवक १९७६ पर्यंत भारतात होते. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर वयाच्या ६८ व्या वर्षी परिचारिका म्हणून १९६६ मध्ये विक्रोळीत आल्या आणि गोदरेजच्या वसाहतीत त्यांनी काम केले. त्याआधी सुमारे १४० वर्षे, १८२७ मध्ये, सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकी शिक्षिका मिशनच्या कामासाठी मुंबई बेटावर उतरली. मुलींच्या शाळांसाठी तिने येथे आणि नंतर अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) साडेतीन दशके काढली. सावित्रीबाई फुले यांनी फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतल्याचे चरित्रकार सांगतात. फरारबाई सहा आठवड्यांसाठी आल्या असत्या, तर हे घडले नसते.

पैसे भरून सेवा

सरकारी योजनांच्या बाहेर जी बाजारपेठ उभी राहिली, ती मुख्यतः प्रवास कंपन्यांची. तिचा हिशेब साधा आहे. स्वयंसेवक शुल्क भरतो; त्यातून राहणे, जेवण, विमानतळावरून ने-आण, कंपनीचे कार्यालय आणि जाहिरात यांचा खर्च निघतो; उरलेले शाळेच्या वाट्याला येते. ते किती, हे माहितीपत्रकात क्वचितच असते. हा व्यवहार बेकायदा नाही. परंतु यात आपण कर्मचारी नसून ग्राहक आहोत, हे भान ठेवावे. ग्राहकाला समाधान हवे असते आणि शाळेला सातत्य. या दोन्हींचा मेळ बसतोच असे नाही. दर सहा आठवड्यांनी नवा चेहरा येतो आणि मुलांना पुन्हा 'ए फॉर ॲपल'पासून आरंभ करावा लागतो. रंगांची नावे आणि चार गाणी मुलांना तोंडपाठ होतात. वाचनाची पायरी मात्र तेथेच राहते.

दुसरा प्रश्न व्हिसाचा. प्रवासी व्हिसावर वर्गात उभे राहता येईल, असे दलाल सर्रास सांगतात. अनेक देशांच्या कायद्यांत 'काम' या शब्दात बिनपगारी कामही येते. पगार घेतला नाही, हा बचाव तेथे चालतोच असे नाही. दंड, परत पाठवणी आणि पुढील प्रवेशबंदी यांची जोखीम जाणाऱ्याच्या माथी असते, कंपनीच्या नव्हे. ज्या शाळेत जायचे तिचे नाव, तिचे निमंत्रणपत्र आणि कोणत्या प्रकारचा व्हिसा मिळणार, ही तीन उत्तरे लेखी मिळेपर्यंत पैसे भरू नयेत. आणखी एक कसोटी आहे. लहान मुलांमध्ये सोडण्यापूर्वी आपल्याकडे पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला नाही, तर ती संस्था मुलांची काळजी किती घेते हे उघड आहे.

भारतीयांना खुली असलेली वाट म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम. त्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. अर्जाला शुल्क नाही आणि निवड झालेल्यास निर्वाहभत्ता मिळतो. मात्र तेथे शिक्षण, अनुभव आणि विशिष्ट कौशल्य पाहिले जाते. नुसते चांगले इंग्रजी पुरत नाही.

मालदीव : जेथे भारतीय शिक्षक खरोखरच जातात

स्वयंसेवेचा हट्ट थोडा बाजूला ठेवला, तर भारतीय शिक्षकांची बेटांवरची खरी परंपरा मालदीवमध्ये सापडते. ती पगारी आहे आणि म्हणूनच टिकली आहे. मुंबईहून विमानाने सुमारे तीन तासांवर असलेल्या या देशात १,१९२ बेटे आहेत. वस्ती त्यांतील दोनशेहून कमी बेटांवर. २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार भरली, म्हणजे नाशिक शहरापेक्षा पुष्कळच कमी. ही लोकसंख्या दक्षिणोत्तर आठशेहून अधिक किलोमीटरवर विखुरलेली आहे. शंभर-दीडशे घरांच्या बेटालाही शाळा द्यावी लागते आणि शाळा दिली की विषयशिक्षक आलेच. १९६० च्या दशकाच्या आरंभी राजधानी मालेत इंग्रजी माध्यम आले, पुढे ते इतर बेटांवरही पसरले आणि माध्यमिक शाळांनी ब्रिटिश परीक्षा मंडळांचा अभ्यासक्रम स्वीकारला. इतके शिक्षक घरचे मिळणे अशक्य होते. ही उणीव आधी श्रीलंकेने आणि मग मोठ्या प्रमाणावर भारताने भरून काढली. तेथील शिक्षकांत भारतीयांचे प्रमाण एक चतुर्थांशाच्या आसपास असल्याचे भारताच्या उच्चायुक्तालयाच्या टिपणात नमूद होते. यांत केरळ आणि तमिळनाडूचे शिक्षक मोठ्या संख्येने आहेत.

मराठी माणसाला तेथील धिवेही भाषा पूर्णपणे परकी वाटणार नाही. ती सिंहलीची बहीण, म्हणजे आर्यभाषा कुळातलीच. तीनला 'थिन', पाचाला 'फस', माशाला 'मस' आणि पाण्याला 'फेन'. जुन्या 'प'चा 'फ' झाला, एवढे ध्यानात आले की पुष्कळ शब्द ओळखीचे वाटू लागतात. लिपी मात्र वेगळी, थाना नावाची, उजवीकडून डावीकडे जाणारी. तिची पहिली नऊ अक्षरे अरबी अंकांवरून घडविलेली आहेत. अंकांपासून अक्षरे करणारी लिपी जगात विरळाच. कंकणाकृती प्रवाळद्वीपासाठी इंग्रजीत वापरला जाणारा 'ॲटोल' हा शब्दही धिवेहीचीच देणगी आहे.

नोकरीसाठी पदवी आणि अध्यापनाची पात्रता, म्हणजे आपल्याकडील बी. एड., लागते. प्रमाणपत्रांचे साक्षांकन, पोलीस दाखला आणि वैद्यकीय तपासणी हे सोपस्कार आहेतच. परदेशी पदव्यांचे मूल्यमापन मालदीव क्वालिफिकेशन्स अथॉरिटी करते. भारतीय प्रवाशाला तेथे ९० दिवस व्हिसाविना राहता येते, पण त्या सवलतीवर शिकविता येत नाही. कामाचा परवाना वेगळा आणि तो मालकाने, म्हणजे शाळेने किंवा मंत्रालयाने, काढायचा असतो. एजंटमार्फत जायचे असल्यास तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत आहे का, हे 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून अधिक घेता येत नाही. लाखांत रक्कम मागणाऱ्याला हा नियम दाखवावा.

बेटावरचे जीवन पर्यटनाच्या छायाचित्रांशी जुळत नाही. विश्रामस्थळांची बेटे निराळी आणि गावाची बेटे निराळी. गावाच्या बेटावर दारू वर्ज्य, शुक्रवार-शनिवार सुटी, रविवारी शाळा. इस्लाम हा राज्यधर्म असून अन्य धर्माचे सार्वजनिक आचरण करता येत नाही. पूजेच्या मूर्ती देशात नेण्यासही मनाई आहे. गणपतीत घरी मूर्ती बसविणाऱ्या कुटुंबातील व्यक्तीने हे निघण्यापूर्वीच मनाशी पक्के करावे. रोजच्या जेवणात ट्यूना मासा आणि नारळ. भाजीपाला बोटीने येतो आणि हवामान बिघडले की येत नाही.

कांदाही बाहेरूनच येतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातबंदी जाहीर केली, तेव्हा लासलगाव-पिंपळगावच्या बाजारांत काय संताप उसळला, हे येथे सांगायला नको. पुढे एप्रिल २०२४ मध्ये मालदीवसाठी अपवाद करून २०२४-२५ या वर्षासाठी ३५,७४९ टन कांद्याचा कोटा देण्यात आला. दोन्ही देशांत त्या सुमारास राजकीय कटुता टोकाला गेली होती, तरीही. मालदीवमधील भारतीय सैनिक मे २०२४ पर्यंत माघारी आले. शिक्षक मात्र वर्गांतच होते.

या नोकरीतील दुखणे वेगळेच आहे. पगार स्थानिक चलनात, रुफियात, मिळतो आणि देशात डॉलरची टंचाई आहे. त्यामुळे घरी पाठवायच्या रकमेवर बँकांनी मर्यादा घातल्या. कर्ज काढून गेलेल्या शिक्षकाला इकडचा हप्ता भरणे अवघड होते. करारातील पगाराचा आकडा पाहून हुरळून जाण्यापूर्वी त्यांतील किती भाग दरमहा नाशिकला पोचेल, हे तेथे काम करणाऱ्या दोघा-तिघांना विचारावे.

मराठी बेट म्हणावे असे ठिकाण मॉरिशस. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांसाठी मुंबई बंदरातून गेलेल्या गिरमिटियांत कोकण आणि देशावरची मराठी कुटुंबे होती. त्यांचे वंशज शाळेत इंग्रजी माध्यमातून शिकतात, रस्त्यावर क्रिओल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात आणि ऐच्छिक विषय म्हणून मराठी घेतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन होते. तेथे इंग्रजीच्या शिक्षकाची वाण नाही. त्यामुळे नाशिकच्या मराठीच्या पदवीधराने या बेटाकडे एकदा लक्ष द्यायला हरकत नाही.

राहिला हौसेचा भाग. वर्गात उभे राहणे आपल्याला जमते का, हे अजमावण्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नाही. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीला इंग्रजी आहे. सुरगाणा आणि पेठच्या पाड्यांवर मुलांची घरची बोली कोकणा, शाळेची भाषा मराठी आणि पुस्तकात तिसरी, इंग्रजी. पावसाळ्यात ओहोळ भरले की यांतील काही पाडे अक्षरशः बेटे होतात. तेथे वर्षभर दर शनिवारी जाणाऱ्याला जे कळेल, ते सहा आठवड्यांच्या सहलीत कळणार नाही. आणि बेटच हवे असेल, तर रायगड जिल्ह्यातील घारापुरी आहे. लेण्यांसाठी जगभरचे प्रवासी तेथे येतात, पण समुद्राखालून केबल टाकून बेटावर कायमची वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. पहाटे नाशिकरोडहून निघालेला माणूस गेटवेहून लाँच धरून दुपारी तेथे उतरू शकतो. जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत बाहेरच्या व्यक्तीला शिकवायचे असेल, तर आधी मुख्याध्यापकांना भेटून शिक्षण विभागाची लेखी संमती घ्यावी लागते. सत्राच्या आरंभीच, जूनमध्ये विचारलेले बरे. परीक्षा तोंडावर आल्यावर शाळांना पाहुणे नको असतात.