जुन्या पुस्तकातील धोटा

टिळकवाडीहून शहापूर-वडगावच्या विणकर वस्तीत जाणाऱ्यास मागाची खटखट अपरिचित नाही. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ (१९३३) ही कादंबरी त्याच्या हाती आली, तर नावाचा अर्थ त्याला कोशात शोधावा लागत नाही. पोटात सुताची कांडी घेऊन, ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून आडवा धागा टाकीत धावणारा तो धोटा.

कादंबरी मात्र मुंबईच्या गिरणी कामगारांची आहे. कोकणातून नि घाटावरून आलेली ती माणसे एकेका खोलीत पाळीपाळीने निजत, खाणावळीत जेवत. ‘बदली’ म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी दिवसापुरते काम मिळेल या आशेने सकाळी गिरणीच्या दारात उभा राहणारा. काम देणे पुष्कळदा जॉबरच्या मर्जीवर. आणि जॉबरची मर्जी फुकट मिळत नसे! ‘बदली मिळाली नाही’ एवढ्या शब्दांत घरातील उपास आला.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. लालबाग-परळात त्यांच्या कित्येक जागांवर उंच इमारती आल्या. मागावरचा एखादा शब्द अडला, तर वडगावच्या विणकरास आजही विचारता येतो. ‘बदली’चा अर्थ सांगणारे वृद्ध कामगार दरवर्षी कमी होत आहेत.