ऐतिहासिक कागदपत्रे आणि अंध प्रेक्षक

संग्रहालयातील मूर्ती, नाणे किंवा तलवार यांची ओळख अंध व्यक्तीला स्पर्शाने करून देता येते. प्रतिकृती हाती दिली की आकार, वजन आणि घडण यांची पुष्कळशी कल्पना तिला येते. ऐतिहासिक कागदाची गोष्ट वेगळी आहे. कागदावरील शाई बोटांना जाणवत नाही आणि जीर्ण झालेल्या मूळ कागदाला कोणीही हात लावू नये, हेच योग्य होय. त्यामुळे पेटीत ठेवलेले पत्र अंध प्रेक्षकाच्या दृष्टीने केवळ एक गुळगुळीत काच ठरते. ही उणीव भरून काढण्याचे प्रमुख साधन म्हणजे शब्दांनी केलेले वर्णन.

पत्रातील मजकूर वाचून दाखवला की काम भागले, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. इतिहासाच्या अभ्यासकासाठी कागद हा मजकूर असतो, तशीच ती एक वस्तूही असते. हस्ताक्षर एकाचे आहे की दोघांचे, शिक्का कोठे उमटला आहे, कोठे खाडाखोड झाली आहे, या गोष्टींवरून कागदाचा खरेखोटेपणा ठरतो. केवळ मजकूर किंवा त्याचा सारांश ऐकवणे म्हणजे निर्णय सांगणे आणि पुरावा मात्र राखून ठेवणे.

हा प्रश्न जबलपूरच्या परिसरात विशेष स्पष्टपणे समोर येतो. जबलपूरजवळील तेवर हे प्राचीन त्रिपुरी, म्हणजे कलचुरी राजांची राजधानी. त्यांचे संस्कृत शिलालेख व ताम्रपट या प्रदेशाच्या इतिहासाचे मुख्य साधन आहेत. डॉ. वासुदेव विष्णू मिराशी यांनी त्यांचे संपादन करून १९५५ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. पुढे गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे गेले. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना मिळाला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले. मराठ्यांच्या कारभाराचा कागद म्हणजे मोडी लिपीतील कागद. म्हणून जबलपूरच्या ईशान्येस असलेल्या पनागरसारख्या गावातून एखादा अंध विद्यार्थी आपल्या प्रदेशाचा इतिहास जाणून घेण्यासाठी निघाला, तर त्याची गाठ धातूवरील लेख आणि कागदावरील लेख अशा दोन प्रकारच्या साधनांशी पडते.

यांपैकी ताम्रपट स्पर्शाला अनुकूल असतो. अक्षरे कोरलेली असतात. ती झिजू नयेत म्हणून पुष्कळदा पत्र्याच्या कडा किंचित उंचावलेल्या असतात. पत्रे एकत्र ओवण्यासाठी भोक व कडी असते आणि कडीला राजमुद्रा जोडलेली असते. उत्तरकालीन कलचुरींच्या मुद्रेवर गजलक्ष्मी व नंदी यांच्या आकृती आढळतात. चांगली प्रतिकृती हाती देऊन, बोट कोठे आहे व त्याला काय लागत आहे हे क्रमाने सांगितले की ताम्रपट बराचसा उलगडतो.

मोडी पत्राची प्रतिकृती मात्र कोऱ्या कागदासारखीच लागेल. तेथे वर्णनाला क्रम हवा. प्रथम वस्तू कोणती ते सांगावे. नंतर तिची लांबी-रुंदी वीत व बोटे अशा अंगवळणी पडलेल्या मापांत सांगावी. त्यामागून कागदाची अवस्था, मजकुराची मांडणी, लिपी व शिक्के आणि त्यानंतर मजकूर. कागदाचे ऐतिहासिक महत्त्व अखेरीस यावे. ते आरंभीच सांगितले तर ऐकणाऱ्याला स्वतः विचार करण्यास जागा उरत नाही.

समजा, समोर एक आज्ञापत्र आहे. कागद उभा व अरुंद असून डावीकडे रुंद समास सोडलेला आहे. वर मध्यभागी ‘श्री’ आहे. ओळीची शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ओढून तिच्याखाली बोरूने अक्षरे लिहिलेली आहेत. दोन शब्दांमध्ये जागा नाही. वर्ष अरबी संख्यावाचक शब्दांत दिलेले आहे. हा सुहूर सन असून त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. मजकुराच्या शेवटी मोर्तबाचा लहान शिक्का आहे. त्याखाली मागाहून कोणी मजकूर वाढवू नये, हा या शिक्क्याचा हेतू असे. आता वर्णनकाराने एवढेच आणखी सांगितले की शिक्क्याच्या खाली निराळ्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी आहेत, तर ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप शंका उभी राहते. केवळ सारांश ऐकणाऱ्याला ही शंका कधीच आली नसती.

महजर, म्हणजे गावकऱ्यांच्या सभेने दिलेला निवाडा, याहून बोलका असतो. लिहिता न येणारे लोक त्यावर सहीऐवजी निशाणी करीत. पाटील नांगराची आकृती काढी आणि बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्याराची. या आकृती उठावाच्या रेषांनी जाड कागदावर सहज उमटवता येतात. त्यांवरून बोट फिरवताना, अक्षर न येणाऱ्या माणसानेही निवाड्यात भाग घेतला होता, हे कळते.

ब्रेल लिपीचे साहाय्य मोठे आहे. तथापि तिची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. सहा टिंबांच्या या लिपीचे भारतीय भाषांसाठीचे समान रूप, म्हणजे भारती ब्रेल, १९५१ साली निश्चित झाले. त्यात मोडीतील मजकूर आणि देवनागरीतील मजकूर अगदी सारखाच उमटतो. लिपीचा भेद, अक्षराची घाई, शाईचा फिकेपणा हे सारे तेथे लोपते. म्हणून ते शब्दांनीच सांगावे लागते. शिवाय प्रत्येक अंध व्यक्तीला ब्रेल येतेच असे नाही. त्यामुळे तेच वर्णन ऐकण्याचीही सोय असावी.

अल्पदृष्टी प्रेक्षकांची अडचण निराळी आहे. त्यांना भरपूर उजेड हवा असतो, तर प्रकाशाने कागद व रंग खराब होतात म्हणून अशा वस्तूंवर सामान्यतः ५० लक्सच्या आसपासच प्रकाश ठेवतात. यातून मार्ग असा की मूळ कागद मंद उजेडातच राहू द्यावा आणि शेजारी त्याची मोठी, ठळक, न चकाकणारी प्रत चांगल्या प्रकाशात मांडावी.

वर्णनकाराने एक पथ्य कटाक्षाने पाळावे. जे दिसते आणि जे अनुमानाने ठरवले आहे, त्यांत स्पष्ट भेद ठेवावा. ‘कारकून घाईत होता’ हे अनुमान होय; ‘शेवटच्या चार ओळींत अक्षरे मोठी व विरळ झाली आहेत’ हे निरीक्षण होय. फाटलेल्या जागी शब्द गेले असतील तर ते गेले आहेत असेच सांगावे. संदर्भावरून ते भरून देऊ नयेत. डोळस वर्णनकार अंध प्रेक्षकाला आपले डोळे उसने देतो, आपले मत नव्हे.

अशा वर्णनाचा लाभ अंधांपुरता मर्यादित राहत नाही. मोडी लिपी विसाव्या शतकात व्यवहारातून मागे पडली. आज संग्रहालयातील बहुतेक डोळस प्रेक्षकांनाही ती वाचता येत नाही. ते कागदाकडे क्षणभर पाहतात आणि पुढे जातात. नीट रचलेले वर्णन त्यांनाही थांबून पाहण्यास शिकवते.

२०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद दृष्टीविषयक अपंगत्वाखाली झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने कला व सांस्कृतिक जीवन त्यांच्या आवाक्यात आणण्याचे कर्तव्य शासनावर सोपवले आहे. इमारतीला उतरण बांधल्याने व दारावर ब्रेल पाटी लावल्याने ते कर्तव्य संपत नाही. जुना कागद हा साक्षीदार आहे. त्याची साक्ष काय होती, हे दुसऱ्याकडून ऐकण्याबरोबरच ती साक्ष कितपत विश्वसनीय आहे, हे स्वतः ठरवण्याचा अधिकारही प्रत्येक प्रेक्षकाला मिळाला पाहिजे.