मोडण्याआधी अंगठी उलटून बघा

लक्ष्मी रस्ता, कोल्हापूरची गुजरी, नाशिकचा सराफ बाजार, झवेरी बाजार. धनत्रयोदशीच्या आधी यांपैकी कुठेही गेलात तरी नव्या मालाच्या गर्दीपासून जरा बाजूला एक टेबल दिसेल. तिथे मोड घेतात. आजीची अंगठी कापसातून बाहेर येते, खडा चिमट्याने उचकटून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवला जातो, उरलेलं सोनं मशीनखाली जातं, मग काट्यावर. घट वजा होते, आकडा सांगितला जातो आणि त्या आकड्यात नवी अंगठी येते. सारा व्यवहार दहा-पंधरा मिनिटांचा. सराफाने यात काही गैर केलेलं नसतं. त्याचा काटा फक्त वजन सांगतो, कसोटी फक्त कस सांगते. ती अंगठी कुणी घडवली, कधी, कशी आणि कोंदणात खडा कोणत्या पद्धतीने बसवला, हे सांगणारं साधन त्या टेबलावर नसतं. ते बघणाऱ्याच्या डोळ्यांत असावं लागतं आणि तेच आपण गमावत चाललो आहोत, असं मला फार वाटतं.

पुढे ते सोनं जातं गलाईवाल्याकडे. या धंद्यात मराठी माणसाचा हात मोठा आहे. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या सराफ पेठांमध्ये गलाईची भट्टी चालवतात. त्यांचं कसब मोठं आहे. अशुद्ध सोन्यात आधी चांदी मिसळायची, इतकी की सोनं साधारण चौथा हिस्सा राहावं. मग नायट्रिक आम्लात चांदी आणि तांबं विरघळतं आणि सोनं तळाशी तपकिरी भुकटी होऊन उरतं. ती वितळवली की लखलखीत लगड. त्या लगडीत शंभर घरांच्या अंगठ्या एकजीव झालेल्या असतात. भाव वाढला की भट्टीकडे जाणारी वाटही रुंद होते. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाख रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा तीन-चार ग्रॅमची जुनी अंगठीही अनेकांना डब्यात पडून राहिलेला पैसा वाटू लागली.

वजन आणि मोल यांत किती अंतर पडू शकतं, याचं टोकाचं उदाहरण म्हणजे मे २०१४ मध्ये क्रिस्टीजने लंडनला लिलावात काढलेली सोन्याची अंगठी. वजन ४१.२ ग्रॅम, वर देवनागरीत ठसठशीत अक्षरं: ‘राम’. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत पडलेल्या टिपू सुलतानाच्या हातातली ती अंगठी, असं लिलावगृहाने सांगितलं होतं. ती १ लाख ४५ हजार पौंडांना गेली. तेवढ्या सोन्याची त्या वेळची किंमत हजार पौंडांच्या आसपास भरते. आपल्या घरातल्या अंगठीला असा इतिहास नसतो, हे खरं. पण घराण्याचा म्हणून जो इतिहास तिला असतो, तोही मोडीच्या पावतीवर चढत नाही.

जुनी अंगठी विकत घ्यायची म्हटलं तर महाराष्ट्रात तिचा मोकळा बाजार लहानच आहे. दुसऱ्याच्या अंगावरचं सोनं लाभेल की नाही, ही शंका आपल्याकडे खोल आहे, त्यातून नीलम असेल तर विचारायलाच नको. या भावनेची टिंगल करावी असं मला वाटत नाही. दागिन्याला माणसाचा संग लागतो, हे मानणारा समाज दागिन्याकडे निदान निर्जीव वस्तू म्हणून बघत नाही. पण त्यामुळे जुन्या अंगठीला तीनच दारं उरतात: नात्यातलं घर, सॅफ्रनआर्टसारख्यांचे लिलाव, आणि मोडीत आलेला चांगला नग वितळवायला हात न धजावणारा एखादा जुना सराफ. असा सराफ ओळखीचा असेल तर त्याच्याकडे सणाच्या गर्दीत जाऊ नये. आषाढातल्या दुपारी जावं, म्हणजे तो डबे उघडून दाखवतो.

अंगठी हातात आली की बोटात घालण्याआधी उलटी करावी. आतल्या बाजूचे शिक्के भिंगातून वाचावेत. २२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५ हे आकडे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतात. भारतीय मानक ब्युरोची सोन्याची हॉलमार्क योजना २००० साली सुरू झाली आणि पहिली बरीच वर्षं शिक्क्यांच्या रांगेत सालाचं एक अक्षर असे. २००० ला ए, २००१ ला बी, असं पुढे. म्हणजे त्या काळात लग्न झालेल्या जोडप्याच्या अंगठीवर साल कोरलेलं असू शकतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल. पुढे ते अक्षर गेलं. आता ब्युरोचं चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी एवढंच असतं. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की सराफ, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. फसवणुकीला आळा घालायला ही सोय उत्तम आहे. तरी अंगावरच वाचता येणारं सालाचं अक्षर गेल्याची हळहळ मला वाटतेच.

हॉलमार्कच्या आधीच्या अंगठ्यांवर कधी ‘केडीएम’ असं दिसतं. ती सरकारी हमी नव्हे. तो उल्लेख जोडाला डाक देताना वापरलेल्या कॅडमियमचा. पूर्वीच्या डाकेत तांबं-पितळ जास्त असे, त्यामुळे बाविसाच्या भावाने घेतलेली अंगठी आटवली की कस उतरत असे आणि घट मोठी बसत असे. कॅडमियमने ती कमी झाली, पण त्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना विषारी. म्हणून हॉलमार्कच्या दागिन्यात त्याला मज्जाव झाला.

आणि कधी एखादी अंगठी चक्क चौदा कॅरेटची निघते. घरचे खट्टू होतात, ‘आजोबांना फसवलं’ म्हणतात. थांबावं आणि लग्नाचं साल विचारावं. चीनशी युद्ध झाल्यावर, जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटहून जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. बाविसाच्या कामात वाढलेला हात चौदाच्या कडक सोन्यावर बसेना, गिऱ्हाईक फिरकेना. देशभर हजारो सोनारांच्या भट्ट्या थंड झाल्या, काहींनी जीव दिले. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये सुटली. पाठोपाठ आलेला १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला. त्या तीन-साडेतीन वर्षांतली चौदा कॅरेटची अंगठी म्हणजे एका कारागीर समाजाच्या हालअपेष्टांचा पुरावा आहे. भट्टीत तिचे पैसे सर्वांत कमी येतात, म्हणूनच ती सर्वांत आधी मोडली जाते. मला विचाराल तर जी कुठल्याही भावात मोडू नये, अशी अंगठी हीच.

खड्यांचा मामला आणखी गुंतागुंतीचा. ‘शंभर वर्षांपूर्वीचं माणिक, म्हणजे अस्सलच असणार’ हा समज घराघरांत आहे आणि तो चुकीचा आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑगस्त व्हर्न्युई याने ज्वालेत भुकटी वितळवून माणिक वाढवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली आणि थोड्याच वर्षांत असे खडे ढिगाने बनू लागले. रसायन तेच, रंग झकास. त्यामुळे १९२०-३० च्या अंगठीतलं माणिक अगदी निर्मळ, डाळिंबी आणि मोठं असेल तर आनंदाआधी भिंग काढावं. आत वक्र रेषा किंवा गोल बुडबुडे दिसले तर तो ज्वालेतला खडा. खाणीतल्या माणकात रेशमासारख्या सुया, ढगाळपणा, सरळ वाढरेषा सापडतात. अशी अंगठी खोटी ठरत नाही. तिच्या काळी ते नव्या विज्ञानाचं नवल होतं. पण तिला मोगोकच्या खाणींतल्या माणकाचा भाव देऊ नये, एवढंच. याच्या उलट, ‘अमेरिकन डायमंड’ जडवलेली अंगठी कुणी पणजीची म्हणून पुढे केली तर हिशोब सोपा आहे. क्यूबिक झिर्कोनिया बाजारात आला तोच १९७६ च्या सुमारास.

हल्लीच्या माणकांत वेगळाच धोका आहे. या शतकाच्या सुरुवातीपासून भेगाळलेल्या, जवळजवळ टाकाऊ खड्यांत शिशाची काच भरून त्यांना झळाळी देतात. अशा खड्याला सोनाराची आच सोसत नाही, आम्ल सोसत नाही, लिंबाचा रसही ती काच खातो. पाचूला तेल पाजण्याची रीत मात्र जुनी आणि व्यापारात मान्य आहे. प्रश्न असतो तेल किती, याचा. पाचूची अंगठी अल्ट्रासोनिक यंत्रात धुवायला देऊ नये, तेल निघून जातं आणि लपलेल्या भेगा उघड्या पडतात. आपल्या जुन्या दागिन्यांतले काही पाचू तर खरे लांबचे प्रवासी. कोलंबियाच्या खाणींतले पाचू सोळाव्या-सतराव्या शतकात समुद्रमार्गे गोव्याच्या बाजारात उतरत आणि तिथून दरबारांमध्ये जात.

पुष्कराज म्हणून विकला जाणारा पिवळा खडा कितीतरी वेळा सिट्रिन असतो. इथे जुनेपणाच मदतीला येतो. सिट्रिनची कठिणता ७, पुष्कराजाची ९. हवेतल्या धुळीत गारेचे कण असतात, त्यांची कठिणताही ७. तीस वर्षं रोज बोटात राहिलेल्या खड्याच्या पैलूंच्या कडा बोथटल्या असतील तर तो पुष्कराज असण्याची शक्यता कमी. मोती आणि पोवळं याहून कितीतरी मऊ. घाम, साबण, अत्तर सगळंच त्यांना बाधतं. जुन्या अंगठीतला मोती ‘बसरा’ म्हणून सांगितला तर अशक्य नाही. इराणी आखातातल्या मोत्यांची मुंबई ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मोठी पेठ होती. पण नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, प्रयोगशाळेत क्ष-किरणांखालीच नैसर्गिक आणि संवर्धित मोती वेगळे कळतात. मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया आणि पूर्वी जेम टेस्टिंग लॅबोरेटरी म्हणून ओळखली जाणारी जयपूरची प्रयोगशाळा अशी तपासणी करतात. महागाचा खडा घेताना अहवालावर उष्णता, तेल, काच यांबद्दल काय लिहिलंय ते वाचावं. ‘अस्सल’ या एका शब्दाने भागत नाही.

वजनाची भाषाही आधी ठरवून घ्यावी. गुंजेच्या जुन्या हिशोबात तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज जेमतेम ०.१२ ग्रॅम. खड्यांच्या बाजारात मात्र रत्ती सुमारे ०.१८ ग्रॅमची धरतात. ‘सव्वापाच रत्ती’ म्हणजे नेमकं किती, हे दुकानागणिक बदलू शकतं. बिल कॅरेटमध्ये मागावं. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यात दुमत नाही. सोन्याचं निव्वळ वजनही खडा वगळून वेगळं लिहून घ्यावं.

आता पुन्हा अंगठी उलटी करा आणि खड्याची पाठ बघा. माझ्या दृष्टीने खरी परीक्षा इथे होते. हाताने घडवलेल्या अंगठीत खड्यामागचं छिद्र एकसारखं नसतं, कानशीचे बारीक ओरखडे असतात, पट्टीचा जोड शोधला तर सापडतो. साच्यातून ओतलेल्या अंगठीत सगळं एकजात गुळगुळीत, कोपऱ्यांत कधी सुईच्या टोकाएवढी छिद्रं. ‘अँटिक फिनिश’ म्हणून काळवंडवलेली नवी अंगठी याच जागी उघडी पडते. काळेपणा खाचांत सारखा भरलेला असतो, पण झीज कुठेच नसते. खरी झीज तळव्याच्या बाजूला होते आणि शेजारच्या बोटाला घासणाऱ्या कडांवर. जुन्या कामात खडा मागून पूर्ण बंद असेल तर खाली चमकीसाठी वर्ख असण्याची शक्यता धरावी. अशी अंगठी पाण्यात बुडवली की वर्ख काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो.

लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हॅटन गार्डनच्या दुकानांत जुन्या अंगठ्या सहज मिळतात आणि त्यांवरचे शिक्के तर पोथीसारखे वाचता येतात. बिबट्याचं तोंड लंडनचं, नांगर बर्मिंगहॅमचा, किल्ला एडिंबरोचा. तिथे १५ कॅरेटचं सोनं १८५४ ते १९३२ एवढ्याच काळात शिक्क्याला पात्र होतं. म्हणून १५ चा ब्रिटिश शिक्का असलेली अंगठी त्या अवधीतली, हे विक्रेत्याने न सांगताही कळतं. इकडून तिकडे नेणाऱ्यांना मात्र १९७२ चा पुरावशेष कायदा माहीत हवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू त्यात पुरावशेष ठरू शकते आणि तिची खासगी निर्यात चालत नाही. पणजीची अंगठी परदेशी मुलीला द्यायची असेल तर वयाबद्दल शंका असताना पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला आधी मिळवावा.

नवी अंगठी आठवण म्हणून घेणाऱ्यांनी रोजच्या वापरासाठी खड्याच्या अंगठीला १८ कॅरेटचा विचार जरूर करावा. बावीसच्या मऊ सोन्याच्या नख्या झिजून खडे पडतात. साधं वळं हवं असेल तर मात्र बावीसच, आणि भरीव. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून नाजूक अंगठीच्या शुद्धतेची लेखी नोंद आग्रहाने घ्यावी. घडणावळीत घासाघीस जरूर करा, पण हातकामाची मजुरी जास्त पडली तर ती देण्यासारखी असते. मोडीत सगळ्यात आधी बुडते ती मजुरी, म्हणजे न मोडण्याचा पहिला हिशेबही तिथूनच लागतो.

अंगठी पुढच्या पिढीच्या बोटात जाताना मोठी किंवा लहान करावीच लागते. कारागीर ती तळाशी कापतो आणि शिक्का बहुधा तिथेच जवळ असतो. कापण्याआधी त्याला शिक्का दाखवावा आणि जोड बाजूला घ्यायला सांगावा. पाचू, मोती, पोवळं असेल तर आच लागण्याआधी खडा उतरवून घ्यावा. नाव-तारीख कोरायची असेल तर शिक्क्यापासून दूर आणि हाताने, खोल कोरून घ्यावी. लेझरची वरवरची अक्षरं बावीसच्या सोन्यावर काही वर्षांतच पुसट होतात.