टपालातून आलेला व्यायाम

केमोथेरपी चालू असलेल्या बाईला दोन सल्ले हमखास मिळतात: भरपूर खा आणि पडून राहा. कॅन्सर म्हणजे खंगणं, हे डोक्यात पक्कं असतं. पण स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांत अनेकींचं वजन वाढतं. का वाढतं, या प्रश्नापासून आहारतज्ज्ञ वेंडी डेमार्क-वॉनफ्रीड यांच्या कामाचा मागोवा घेता येतो. त्या तेव्हा अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात होत्या.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पाळी न गेलेल्या ५३ स्त्रिया होत्या. काहींना केमो दिली होती, काहींना नाही. वर्षभर त्यांचं खाणं, हालचाल, अंगातली चरबी आणि स्नायू यांचं मोजमाप झालं. खाणं वाढल्याचं दिसेना. कमी झाली होती ती हालचाल. केमो घेतलेल्यांची चरबी वाढत होती आणि तिच्याबरोबर स्नायू मात्र वाढत नव्हते. म्हणजे काटा पुढे सरकतो आणि बाई अशक्त होत जाते. नुसत्या वजनकाट्यावर हे कळणं अशक्यच. अशा स्त्रियांना व्यायामाची, त्यातही पायांना बळ देणाऱ्या व्यायामाची गरज आहे, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

पण व्यायाम करवून कोण घेणार? उपचार संपले की पेशंट घरी जातो, हॉस्पिटल लांब राहतं. डेमार्क-वॉनफ्रीड यांचं वेगळेपण मला इथे दिसतं. त्यांनी पेशंटला बोलावलं नाही, त्याच्या दारी टपाल धाडलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरचं नुकतंच निदान झालेले ५४३ जण होते. निम्म्यांना छापील सर्वसाधारण पुस्तिका मिळाल्या, उरलेल्यांना प्रत्येकाच्या सवयी पाहून बेतलेला मजकूर. सुधारणा दोन्हीकडे झाली. पुस्तिकावाल्यांचा व्यायाम आठवड्याला सुमारे ३९ मिनिटांनी वाढला, बेतलेला मजकूर मिळालेल्यांचा सुमारे ५९ मिनिटांनी. वीस मिनिटांचा फरक, तोही पाकिटांच्या जोरावर. मला तो थोडा वाटत नाही.

मधल्या काळात जवसही येऊन गेला. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या १६१ पुरुषांच्या चाचणीत काहींना रोज ३० ग्रॅम जवस खायला दिला होता. त्यांच्या गाठीतल्या पेशींच्या वाढीचा वेग कमी आढळला. हे निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. विदर्भातल्या जवसाच्या चटणीवाल्यांना गुदगुल्या व्हाव्यात अशी ही बातमी. मात्र औषध म्हणावं इतका हा पुरावा नव्हे. शस्त्रक्रियेआधीच्या महिनाभराचंच ते चित्र होतं.

त्यांचं सगळ्यात वजनदार काम २००९ चं. ६४१ माणसं, वय ६५ ते ९१, वजन जास्त, स्तन, प्रोस्टेट किंवा आतड्याच्या कॅन्सरमधून बरं होऊन किमान पाच वर्षं झालेली. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या या मंडळींपैकी निम्म्यांना वर्षभर फोनवरून मार्गदर्शन आणि टपालाने साहित्य मिळालं. बाकीच्यांना वर्षभर थांबायला सांगितलं होतं. शारीरिक क्षमतेचा गुणांक दोन्ही गटांत घसरला. वय कुणाला चुकलंय? पण थांबलेल्यांचा ४.८४ नी घसरला, मार्गदर्शन मिळालेल्यांचा २.१५ नी. पायांची क्षमता तर थांबलेल्यांत घटली आणि मार्गदर्शन मिळालेल्यांत टिकून राहिली. कॅन्सर उलटतो की नाही, हा प्रश्न इथे नव्हताच. पंचाहत्तरीच्या माणसाला जिना चढता येतो का, हे पाहायचं होतं. कॅन्सरच्या संशोधनात असा साधा प्रश्न विचारायला धाडस लागतं, कारण त्याच्या उत्तरातून ठळक मथळा निघत नाही.

मथळ्याचं उत्तर दुसऱ्या वाटेने आलं. कॅनडातले केरी कॉर्निया आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवर केलेली चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. केमोनंतर तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी आठ वर्षांनी ९०.३ टक्के हयात होते, फक्त माहितीपत्रक मिळालेल्यांपैकी ८३.२ टक्के.

डेमार्क-वॉनफ्रीड तोवर अलाबामा विद्यापीठात, बर्मिंगहॅमला, येऊन बागकामाकडे वळल्या होत्या. राज्याच्या कृषी विस्तार यंत्रणेचे प्रशिक्षित बागकाम स्वयंसेवक बऱ्या झालेल्या रुग्णांना वर्षभर घरच्या अंगणात भाजी पिकवायला शिकवायचे. खणणं, वाकणं, पाणी घालणं, आणि शेवटी ताटात भाजी. ३८१ जणांच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. सगळ्या मोजमापांचा मिळून जो मुख्य निर्देशांक ठरवला होता, त्यात दोन गटांत ठोस फरक निघाला नाही. सुटी मोजमापं पाहिली तर भाजी-फळांचं खाणं किंचित वाढलेलं, शारीरिक क्षमता सुधारलेली. कागदावर ही चाचणी अर्धीच जिंकलेली. भाजीचा आकडा जेमतेम हलला, पण मातीत राबलेल्या अंगाची क्षमता वाढली.