आधी मोजणी, मग मागणी

समाजमंदिराच्या फरशीवर गावाचा नकाशा काढून झाला होता. रस्त्यांना पांढरी रांगोळी, ओढ्याला निळी, विहिरींच्या जागी खडे. नगर तालुक्यातल्या या गावात दुसऱ्या दिवशी, 2 ऑक्टोबरला, विकास आराखड्याची ग्रामसभा होती आणि नियमाप्रमाणे त्याआधी महिला सभा. अंगणवाडीताई माहिती विचारत होत्या, बायका भिंतीला टेकून गप्प. शेवटी एक आजी उठल्या आणि नळाच्या लाइनीपाशी येऊन थांबल्या. "भाऊसाहेब, ही लाइन तुम्ही पार वस्तीपर्यंत नेली. पाणी कुठवर येतं? हे इथवर." म्हणत त्यांनी पुढची हातभर रांगोळी पायाने पुसून टाकली.

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. त्यांनी मान डोलावली. मग सगळ्याच बोलायला लागल्या. टाकी भरते, पण वॉल्व्ह एकच. खालची आळी सुटली की वरच्या वस्तीला दाब राहत नाही. पाणी सोडणाऱ्या पोराला हे ठाऊक होतं, सरपंचांनाही असणार. कागदावर मात्र वस्ती 'नळजोडणी पूर्ण' या रकान्यात होती. नवी टाकी मागायची असं आधी ठरलेलं. या अर्ध्या तासाने मागणी दोन वॉल्व्ह आणि थोड्या पाइपावर आली.

'आमचं गाव, आमचा विकास' हा उपक्रम राज्यात 2015 मध्ये सुरू झाला. चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येऊ लागला, म्हणून आराखडाही गावानेच करायचा. प्रभात फेरी, शिवार फेरी, महिला सभा, वंचित घटकांची सभा, मग ग्रामसभा आणि शेवटी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर नोंद, असा क्रम. पंधराव्या आयोगाने 2021 पासून 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. उरलेल्या अबंधित 40 टक्क्यांवर सगळ्या गावाचा डोळा.

दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत ते लगेच दिसलं. पारावरची मंडळी सभामंडपाचं बोलत होती, तरुण पोरं व्यायामशाळेचं, आणि ज्याच्या त्याच्या दारापुढे पेव्हिंग ब्लॉक. ब्लॉकचं हे वेड कुठून आलं हे काही कोडं नाही: काम दिसतं, फोटो निघतो, ठेकेदार गावातलाच असतो. शिवार फेरीत सगळ्यांनी पाहिलेला फुटका बंधारा यादीत बाराव्या नंबरला गेला होता. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांतले जे कमी असेल तेवढे लोक लागतात. इथे ते भरले. कित्येक गावांत सभा तहकूब होते आणि पुढच्या सभेला गणपूर्तीचं बंधन नसल्याने मोजक्या सह्यांवर आराखडा मंजूर होतो.

याच तालुक्यातलं हिवरे बाजार हे गाव वेगळं का, याचं उत्तर लोक 'पोपटराव पवार' असं एका नावात देतात. नाव खरं आहे, पण कामाची पद्धतही पाहण्यासारखी आहे. 1972 च्या दुष्काळानंतर बरंचसं रिकामं झालेलं हे गाव. 1990 च्या सुमारास पवार सरपंच झाले, गावाने स्वतःचा पंचवार्षिक आराखडा केला, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत ठरवली. पुढे पाण्याचा ताळेबंद आला. पावसाळा संपला की पर्जन्यमापकाचे आकडे आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे येते. शिवार साधारण 976 हेक्टरचं, म्हणजे एक मिलिमीटर पाऊस पडला की जवळपास एक कोटी लिटर पाणी. त्यातलं वाहून किती गेलं, मुरलं किती, हे मांडलं जातं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला, मग रब्बीला काय घ्यायचं ते ठरतं. पाऊस कमी तर जास्त पाण्याची पिकं नाहीत. उसासाठी विंधन विहीर हा विषयच बंद. पाऊस नगरला पडतो तेवढाच, साधारण 400 मिलिमीटरच्या आसपास आणि बेभरवशाचा.

गावापासून वर मात्र धागा तुटतो. 74 व्या घटनादुरुस्तीप्रमाणे गावांचे आणि शहरांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा करायचा, त्यासाठी जिल्हा नियोजन समिती. तिचे किमान चार पंचमांश सदस्य निवडून आलेल्यांतून. महाराष्ट्राने 1998 मध्ये कायदाही केला. प्रत्यक्षात पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या बैठकीत खात्यांच्या योजना आणि निधीचे आकडेच जास्त बोलतात. त्यात मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर नगरची जिल्हा परिषद वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती राहिली. चौदा तालुक्यांच्या, राज्यातल्या क्षेत्रफळाने सर्वांत मोठ्या जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगराला आणि जामखेडच्या माळाला एकच साचा लावायचा, तर खालून आलेले आकडे हवेतच राहतात.

सुरुवातीच्या त्या गावात वॉल्व्हचं काम बंधित निधीतून पहिल्या नंबरला आलं. बंधारा बाराव्यावरून चौथ्यावर सरकला, तेही एका शेतकऱ्याने विहिरीची पातळी वहीत लिहून आणली होती म्हणून. पेव्हिंग ब्लॉक दुसऱ्या नंबरला राहिले. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला जाणार असाल तर मागणीचा अर्ज नेण्याआधी यंदाचा पाऊस आणि आपल्या विहिरीची पातळी कागदावर लिहून न्या. आकड्यापुढे सभेला गप्प राहून विचार करावा लागतो.